आधी पडायचं, मग पाडायचं

नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्या पोरांच्या दप्तरात पत्त्यांचा एक जोड हमखास असायचा. डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-कंपनीचे, ट्रम्प कार्ड. प्रत्येक पत्त्यावर एका धिप्पाड गड्याचा फोटो आणि खाली त्याची कुंडली: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती लढला, किती जिंकला. मधल्या सुट्टीत "छाती!" असं ओरडून पत्ता टाकायचा आणि समोरच्याचा खेचून घ्यायचा. पाढे चुकायचे, पण अंडरटेकरची उंची कधी चुकली नाही. ही माणसं त्या पत्त्यापर्यंत पोचली कशी, हा प्रश्न मात्र तेव्हा कुणाला पडला नाही. ती जणू तशीच जन्मली होती, रँकसकट.

परवा तो प्रश्न जिन्यात भेटला. खालच्या मजल्यावरचा मुलगा अकरावीत आहे, सहा महिन्यांपासून जिमला जातो. "काका, डब्ल्यूडब्ल्यूईत जायचं असेल तर नेमकं काय करावं लागतं?" दारात त्याची आई उभी होती. ती घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माझ्याआधी तिनेच उत्तर दिलं, "आधी बारावी व्हावं लागतं." मी हसून वर आलो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. जिन्यात सांगून संपणारी ही गोष्ट नव्हे, म्हणून इथे लिहितो आहे.

पहिला घोळ शब्दाचा. कुस्ती म्हटलं की आपल्याला कोल्हापूरचं खासबाग मैदान दिसतं, लाल माती दिसते, हलगी ऐकू येते, १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव आठवतात. त्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. ठाऊक असलं तर तिला आपण नुरा कुस्ती म्हणतो, आणि दोन पुढारी लटकं भांडू लागले की तोच शब्द त्यांच्याही वाट्याला येतो. अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती ही सरळसरळ नुरा कुस्ती आहे. कोण जिंकणार, साधारण किती मिनिटांनी, कोणत्या डावावर, हे सगळं पडद्यामागे ठरतं. धंद्याने हे गुपित पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपलं. त्या जपणुकीला त्यांच्या बोलीत ‘केफेब’ म्हणतात. नायक आणि खलनायक एका गाडीतून हिंडायचे नाहीत, लोकांदेखत एका टेबलावर जेवायचे नाहीत. शेवटी १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनेच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कबूल केलं की आमचा खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. स्पर्धा म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाचे परवाने, नियम आणि कर मागे लागत, ते टाळायचे होते.

निकाल ठरलेला असला तरी पडणं खरं असतं. टीव्हीवर रिंगची जमीन गादीसारखी हलते, म्हणून ती मऊ असेल असं वाटतं. खाली लोखंडी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, वर बोटभर फोम आणि त्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास, एवढीच ती गादी. दोरांचंही तसंच. काही कंपन्या खऱ्या दोराला चिकटपट्टी गुंडाळतात, काही ठिकाणी रबरी नळीतून पोलादी तार ओवलेली असते. त्यावर पाठ टाकून उलटं धावायचं हे शिकताना पहिले काही आठवडे बरगडीपासून काखेपर्यंत काळंनिळं होतं.

आपल्या कुस्तीत समोरचा प्रतिस्पर्धी असतो. इथे तो जोडीदार असतो, आणि सगळी मेख इथेच आहे. शंभर किलोचा माणूस तुम्ही उलटा धरलाय, त्याचं डोकं तुमच्या गुडघ्यांच्या मध्ये आहे आणि आता त्याला आपटायचंय. लोकांना वाटलं पाहिजे की मान मोडली. ती मोडू न देणं ही तुमची जबाबदारी. पुढच्या मिनिटाला तुमची मान त्याच्या हातात असणार. या धंद्यात शिरायचं म्हणजे दुसऱ्याने आपलं शरीर निर्धास्तपणे आपल्या हवाली करावं इतका विश्वास कमवायचा. बाकी सगळं, दंड, केस, झगमगीत जाकीट, त्यानंतर.

जुन्या काळी हे दार आतून बंद असे. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून नव्या पोराला शिकवण्याआधी पिळून काढायचे. टिकला तर पुढचं. अमेरिकेचा गाजलेला मल्ल हल्क होगन आयुष्यभर एक किस्सा सांगत असे. फ्लोरिडात हिरो मात्सुदा यांच्याकडे शिकायला गेला तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा पाय मोडला. पाय सांधल्यावर होगन परत गेला, आणि परत आला म्हणूनच त्यांनी त्याला शिकवलं. होगनच्या गोष्टींना फोडणी जरा जास्तच असायची, पण त्या काळाची रीत यात नीट दिसते. कॅनडात कॅल्गरीला स्टू हार्ट यांच्या मोठ्या घराचं तळघर याच कामासाठी प्रसिद्ध होतं. लोक त्याला ‘डंजन’ म्हणत. म्हातारा स्टू तिथे नवख्यांना पकडीत धरून पिळायचा आणि त्यांच्या किंकाळ्या वर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायच्या, अशी आठवण सांगणारे बरेच आहेत. त्याच घरातून ब्रेट आणि ओवेन हे हार्ट बंधू आले.

मला स्वतःला मिक फोलीची गोष्ट जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात हाडं मोडण्यापेक्षा चिकाटी जास्त आहे. हा न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलंडच्या कॉलेजात शिकत होता. डॉमिनिक डिनुची यांचा कुस्तीचा वर्ग होता पेनसिल्व्हेनियात, काही तासांच्या अंतरावर. पोरगा आठवड्याच्या शेवटी जुनी गाडी हाणत तिथे जायचा आणि हॉटेलला पैसे नाहीत म्हणून गाडीतच झोपायचा. अंगाने थोराड, चेहऱ्याने साधा, ट्रम्प कार्डवर शोभणारी छाती नाही. पुढे तो तीन वेळा डब्ल्यूडब्ल्यूएफचा विजेता झाला आणि १९९९ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेलं त्याचं आत्मचरित्र अमेरिकेत धो धो खपलं.

आपल्या तालमीत वाढलेल्या माणसाला सगळ्यात ओळखीची वाटेल ती मात्र जपानी पद्धत. अंतोनिओ इनोकी यांनी १९७२ मध्ये न्यू जपान प्रो-रेसलिंग काढलं. तिथल्या शिकाऊ मुलांना ‘यंग लायन’ म्हणतात. ती दोजोतच, म्हणजे तालमीतच, राहतात. पहाटे उठून शेकड्यांनी बैठका मारायच्या, झाडलोट करायची, मोठ्या मल्लांचे कपडे धुवायचे, त्यांचं सामान वाहायचं, सगळ्यांसाठी चांको नावाचा रस्सा रांधायचा. आखाडा उकरणारा, थंडाई घोटणारा, वस्तादांचं अंग रगडणारा आपला पठ्ठा आठवतो ना? अंगावर काळी चड्डी आणि काळे बूट, बाकी नाव-निशाण काही नाही. डावही मोजके, जुने, साधे. चमकायची परवानगीच नसते. खेळाच्या वेळी रिंगच्या कडेला बसून थोरांची लढत बघायची, आणि हेही शिक्षणच. काही वर्षांनी मुलाला मेक्सिकोला, अमेरिकेला किंवा इंग्लंडला धाडतात. तिथून तो नवं नाव, नवा वेष, नवा रुबाब घेऊन परततो. तेव्हा कुठे लोक त्याला मोठा मानतात.

आता दार उघडं आहे. अमेरिकेत बहुतेक मोठ्या शहरांच्या आसपास एखादं कुस्तीचं प्रशिक्षण केंद्र सापडतं, बरेचदा गोदामात. फी काही हजार डॉलर. पहिल्या लढतीला उभं राहायच्या आधी सहा महिने ते वर्ष सहज जातं. त्यातला पहिला धडा पाडण्याचा नसतो, पडण्याचा असतो. त्याला ‘बम्प’ म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ सपाट टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही तळहात जमिनीवर आपटायचे, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. तो मोठा ‘धप्प’ आवाज त्या हातांचा आणि खालच्या फळ्यांचा. हे शेकडो वेळा करायचं. मग कोलांट्या, दोर, पकडी. अमेरिकेत आणि जपानात पकडी डाव्या बाजूने घ्यायची रीत आहे, मेक्सिकोत उजव्या. कधीही न भेटलेल्या परदेशी मल्लाबरोबर भाषा न कळता पंधरा मिनिटं लढता येतं, ते अशा संकेतांच्या जोरावर. आपले दोन अनोळखी तबलजी समेवर बरोबर भेटतात तसंच.

मग येतं अवघड काम. ‘बेबीफेस’ म्हणजे नायक, ‘हील’ म्हणजे खलनायक, आणि बहुतेक वेळा लढत चालवतो तो खलनायक. केव्हा वेग वाढवायचा, केव्हा लोकांना ताटकळत ठेवायचं, हे त्याच्या हातात. बसलेला मार दाखवणं याला ‘सेल करणं’ म्हणतात. ज्याच्या गुडघ्याला दहा मिनिटं मार बसला तो अकराव्या मिनिटाला हरणासारखा पळाला, तर मागच्या दहा मिनिटांची माती झाली. आणि या सगळ्याच्या वर ‘प्रोमो’, म्हणजे माइक हातात घेऊन बोलणं. गडी कितीही ताकदवान असला तरी लोकांनी तिकीट काढावं असं त्याला दोन मिनिटांत बोलता आलं पाहिजे. वगनाट्यातल्या सोंगाड्याला हे सांगावं लागत नाही. जिममधल्या पोराला मात्र ते कुणी सांगितलेलंच नसतं.

इथे जरा थांबून एक कडू गोष्ट सांगायला हवी. शाळा काढायला रिंग लागते. शिकवता येणं लागतंच असं नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत सरावात आपटला गेलेला एक शिकाऊ तरुण मरण पावला. त्याआधीही त्याच्या डोक्याला मार बसलेला होता. खटला चालला, ज्यूरीने शाळेला जबाबदार धरलं आणि कुटुंबाला तेरा लाख डॉलरांहून अधिक भरपाई दिली. जून २०२० मध्ये तर ‘स्पीकिंग आउट’ या नावाने अनेक देशांतल्या मुली आणि मुलं पुढे आली आणि प्रशिक्षकांनी, आयोजकांनी केलेल्या छळाबद्दल, लैंगिक अत्याचारांबद्दल बोलली. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये खासदारांच्या एका सर्वपक्षीय गटाने या धंद्यावर अहवालच काढला. तेव्हा शाळा निवडताना तिथल्या भिंतीवरचे फोटो बघून भुलू नये. शिकवणाऱ्याने स्वतः कुठे काम केलंय, त्याचे विद्यार्थी आज कुठे काम करतात, डोक्याला मार बसला तर काय करतात, पहिल्या आठवड्यातच उंचावरून उड्या मारायला लावतात का, हे विचारावं. एक पूर्ण तास कडेला बसून बघू द्या म्हणावं. बघू देत नसतील तर फी देऊ नये.

शिक्षण संपलं की पोट भरेल असं वाटत असेल, तर गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांवरून एक चक्कर मारून यावी. कुठल्या गावच्या जत्रेची सुपारी मिळते, किती मिळते, फडातल्या कुणाच्या वाट्याला काय येतं, हा हिशोब आणि अमेरिकेतल्या छोट्या कुस्ती-कंपन्यांचा हिशोब भाऊभाऊच. शाळेचा हॉल, चर्चचं सभागृह, दीड-दोनशे प्रेक्षक. नव्या माणसाने दुपारी येऊन ट्रकमधून फळ्या उतरवायच्या, रिंग उभी करायची, खुर्च्या मांडायच्या, रात्री सगळं उलट्या क्रमाने. आत शिरल्यावर प्रत्येकाशी हात मिळवायचा, अगदी दार राखणाऱ्याशीही. त्याबद्दल मिळतं काय? त्यांच्यात विनोद आहे: "एक हॉट डॉग आणि एक हस्तांदोलन." गाडीचं तेलही सुटत नाही. म्हणून मध्यंतरात टेबल लावून टी-शर्ट आणि सही केलेले फोटो विकायचे. कित्येकांची खरी कमाई तीच. दिवसा दुसरी नोकरी असतेच. वरच्या टोकाला मात्र आकडे डोळे फिरवणारे. डब्ल्यूडब्ल्यूईचा साप्ताहिक कार्यक्रम दाखवायला नेटफ्लिक्सने दहा वर्षांसाठी पाच अब्ज डॉलरांहून मोठा करार केला आणि २०२५ पासून तो सुरू झाला.

त्या वरच्या टोकालाही सगळं आलबेल नाही. तिथले मल्ल कागदोपत्री कंपनीचे नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. संघटना नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या मल्लाने रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या आधी सहकाऱ्यांना संघटना काढू म्हणून गोळा करायचा प्रयत्न केला, तर ही बातमी मालकाच्या कानी गेली. कुणी सांगितलं ते पुढे एका खटल्यात उघड झालं: हल्क होगनने. हाच व्हेंचुरा नंतर मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला.

मोठ्या कंपनीत शिरायची वाटही आता बदलली आहे. २०१३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने फ्लोरिडातल्या ऑरलँडोला सात रिंगांचं प्रशिक्षण केंद्र उघडलं, त्यात जिम आहे, डॉक्टर आहेत, कॅमेऱ्यापुढे बोलायचा सराव करायला खोल्या आहेत. छोट्या हॉलांतून घासून वर आलेले लोक अजूनही घेतले जातात, पण कंपनीची नजर दुसरीकडेही आहे. २०२१ च्या शेवटी तिने कॉलेजातल्या खेळाडूंशी शिक्षण चालू असतानाच करार करायला सुरुवात केली. कुस्तीच यायला हवी असं नाही. फुटबॉल, अॅथलेटिक्स, जिम्नॅस्टिक्स, काहीही चालतं. शरीर घडलेलं असावं, बाकी आम्ही शिकवू. निवड चाचणीत आधी दमछाक होईपर्यंत बैठका, धावणं, कोलांट्या. आणि शेवटी माइक देऊन म्हणतात, आता बोल. इथेच भले भले गडी गार पडतात. ऑलिंपिकचं सुवर्ण गळ्यात असलं तरी हमी नाही. १९९६ च्या अटलांटा स्पर्धेचा विजेता कर्ट अँगल या धंद्यात लोण्यासारखा विरघळला. २०२१ चा सुवर्णविजेता गेबल स्टीव्हसन याला मात्र २०२४ मध्ये कंपनीने मोकळं केलं.

आपल्याकडची गोष्ट थोडक्यात. फ्री स्टाईल या नावाने हा खेळ मुंबईला नवा नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग यांच्या लढतींना गर्दी उसळायची. १९६८ मध्ये अमेरिकेचा मातब्बर मल्ल लू थेझ मुंबईत येऊन दारा सिंगांशी लढला. २०११ च्या डिसेंबरात पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ‘रिंग का किंग’ या कुस्ती-मालिकेचं चित्रीकरण झालं. तिच्यामागे अमेरिकेचे मल्ल जेफ जॅरेट होते आणि कलर्स वाहिनीवर ती २०१२ मध्ये दिसली. मार्च २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने मुंबईत निवड चाचणी घेतली. हिमाचलचा दिलीप सिंग राणा, म्हणजे खली, याने २०१५ मध्ये जालंधरला अकादमी काढली. हरियाणाची वेटलिफ्टर कविता देवी तिथे शिकली, आणि २०१७ मध्ये सलवार-कमीज घालून डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उतरली. उत्तर प्रदेशचा रिंकू सिंग भालाफेकीतून एका टीव्ही स्पर्धेमार्गे अमेरिकी बेसबॉलमध्ये गेला आणि तिथून कुस्तीत आला. सरळ रस्त्याने आलेला माणूस या यादीत शोधून सापडत नाही.

आता ज्यांच्यासाठी पत्ताच छापला गेला नाही, त्यांच्याकडे येतो. मला विचाराल तर खरा रस इथे आहे.

पंच घ्या. आपल्याला तो पट्टेरी शर्टातला गबाळा वाटतो, ज्याला ऐन वेळी भलतीकडे बघायची खोड आहे. ते भलतीकडे बघणंही ठरलेलं असतं. त्याच्या कानात यंत्र असतं. किती मिनिटं उरली, जाहिरात केव्हा आहे, हे त्याला पडद्यामागून कळतं आणि तो ते वाकून, मोजता मोजता, दोघांच्या कानात घालतो. मल्ल खरंच जखमी झालाय की सोंग आहे हे सगळ्यात आधी त्याने ओळखायचं. हात दाबून विचारतो, उत्तर हात दाबूनच येतं. नाही आलं तर तो डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो. ती फुली दिसली की डॉक्टर धावतात. हे सगळं करताना तो दिसता कामा नये. जेसिका कार आधी स्वतः लढायची, मग पंच झाली आणि डब्ल्यूडब्ल्यूईत पोचली. ऑब्री एडवर्ड्सची गोष्ट तर आणखी वेगळी: बॅले नर्तकी, मग संगणकी खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, मग छोट्या हॉलांत पंच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या एईडब्ल्यू कंपनीच्या पहिल्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीत पंच तीच होती. बॅलेचा तोल कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

किंवा पॉल हेमन. हा मुलगा विशीच्या आतच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॅमेरा घेऊन घुसला. बोलबच्चनगिरी करून पास मिळवला, फोटो काढले, विकले, स्वतःचं छोटं वार्तापत्र काढलं. रिंगच्या कडेला बसून फोटो काढता काढता धंदा कसा चालतो ते टिपत राहिला. १९८७ पासून तो मल्लांचा मॅनेजर म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारा म्हणून, पडद्यावर आला. पुढे फिलाडेल्फियात ईसीडब्ल्यू कंपनी चालवली. २०२४ मध्ये त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. सगळी कमाई जिभेची आणि नजरेची. व्हिन्स रुसो व्हिडिओ कॅसेटचं दुकान चालवायचा. तो डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मासिकात लिहू लागला आणि तिथून कार्यक्रमाच्या मुख्य लेखकांपर्यंत गेला. आजच्या लेखकांच्या खोलीत टीव्ही मालिकांतून आलेले बरेच असतात. जिम रॉस हा खेळाचा सर्वांत लाडका निवेदक; त्याची सुरुवात १९७४ मध्ये ओक्लाहोमात झाली, मालकाची गाडी चालवणं आणि पंचगिरी करणं या कामांनी. आपल्या कुस्ती-मैदानावरचा निवेदक जसा दोन पठ्ठ्यांची घराणी, गावं, वस्ताद सांगून लढतीला अर्थ देतो, तसंच त्याचं. हॉवर्ड फिंकेल नुसती नावं पुकारायचा. तो डब्ल्यूडब्ल्यूएफचा पहिला पगारी नोकर होता.

पडद्याच्या लगेच मागे एक छोटी जागा असते. गोरिला मॉन्सून नावाचा मल्ल निवृत्तीनंतर तिथे उभा राहायचा, म्हणून तिला ‘गोरिला’ म्हणतात. मॉनिटर, हेडफोन, घड्याळ. तिथे जुने मल्ल निर्माते म्हणून बसतात, तरुणांच्या लढती बांधून देतात. बाहेर दिवेवाले, ध्वनीवाले, कॅमेरावाले. कॅमेरामनलाही लढत कळावी लागते, नाहीतर बुक्का चेहऱ्यापासून चार बोटं दूर असल्याचं जगाला दिसेल. आणि वर छताला दोर बांधणारे रिगर.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर २३ मे १९९९ टाळता येत नाही. कॅन्सस सिटीच्या केम्पर अरेनामध्ये ओवेन हार्टला छतावरून दोराने रिंगमध्ये उतरवायचं होतं. चटकन सुटा होता यावा म्हणून लावलेली कडी वेळेआधी उघडली. तो सुमारे ७८ फुटांवरून खाली आला आणि गेला. कॅल्गरीच्या त्या तळघरात वाढलेला, पडायचं कसं हे जगातल्या फार थोड्या लोकांइतकं चांगलं जाणणारा माणूस. त्या रात्री त्याचा जीव ना जोडीदाराच्या हातात होता ना स्वतःच्या. तो एका कडीत होता. कार्यक्रम तसाच पुढे चालू राहिला, याबद्दल आजही लोक रागाने बोलतात.

हे सगळं मी गेल्या रविवारी खाली जाऊन सांगितलं. पोराने बम्पपर्यंत कान देऊन ऐकलं, दिवाणावर उताणा पडून दाखव म्हटल्यावर तीनदा पडला, दोनदा हनुवटी विसरला. फळ्या वाहण्याचा आणि हॉट डॉगचा भाग आला तसा मोबाइल हातात गेला. इंग्रजीत दोन मिनिटं स्वतःबद्दल बोल म्हटलं तर लाजला. मराठीतच बोल म्हटलं तर आणखी लाजला. बारावीनंतर बघू, असं तोच म्हणाला.

आई शिलाई मशीनवर होती. पाय थांबवून तिने विचारलं, "आणि त्यांचे ते कपडे कोण शिवतं हो?" मी म्हटलं, शिवणारे असतातच की. मोठ्या कंपनीत शिंपी सोबत फिरतात, खेळाच्या अर्धा तास आधी उसवलेलं शिवून देतात. लहान मल्ल आपापल्या ओळखीच्या बाईकडून करून घेतात. कापड दोन्ही अंगांनी ताणणारं, शिवण झिगझॅग नाहीतर ओव्हरलॉकची, कारण साधी शिवण पहिल्याच बैठकीला जाते. तिने पोराच्या हातातला मोबाइल घेतला, चष्मा लावला, आणि एका बाईच्या झगमगीत पोशाखाचा फोटो दोन बोटांनी मोठा करून काखेपाशी नेला.

"कळी लावलीय इथं," ती म्हणाली. "याचे किती घेत असतील?"